दहा मिनिटं पुढे, एक वर्ष मागे

गावच्या घरी माझा स्वतःचा सर्व्हर आहे असं मी पुण्यातल्या मित्रांना सांगतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काचेची थंडगार खोली आणि लुकलुकणारे निळे दिवे येतात. म्हणून मी त्यांना घरी बोलावत नाही. सर्व्हर म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हा घेतलेला कॉम्प्युटर. तो आमच्या ओटीवर, बाबांच्या आरामखुर्चीसमोर एका स्टुलावर बसलेला असतो. एका बाजूला सोललेले नारळ, दुसऱ्या बाजूला छत्र्या. धामापूरपासून थोडं आत आमचं गाव आहे. गेली काही वर्षं मी तिथे राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. गावी आल्या आल्या मी एक तत्त्वाचं काम केलं. घरचे फोटो, जमिनीचे कागद, बाबांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं, सगळं आपल्याच मशिनमध्ये ठेवलं. आपल्या घरातलं परक्या कंपनीच्या कोठारात कशाला? आईच्या मोबाइलमधलंही सगळं त्यात आणलं आणि 'जागा अडते' म्हणून तिच्या मोबाइलमधून पुसून टाकलं.

घरच्यांनी या तत्त्वाची यथायोग्य दखल घेतली. बाबा म्हणाले, "ह्या दिवसभर चालूच रवतला तर पडद्यार घड्याळ तरी लाव." मी लावलं. तेव्हापासून माझा सर्व्हर आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे, फक्त स्टुलावर ठेवलेलं.

बाबा एसटीत कंट्रोलर होते. सगळं आयुष्य गाड्या वेळेवर सोडण्यात, म्हणजे त्या का सुटल्या नाहीत हे लोकांना सांगण्यात गेलं. त्यामुळे घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे. ती पुढे आहेत हे घरात प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून प्रत्येकजण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि गाडी चुकायची ती चुकतेच. तोंडी माहितीवर बाबांचा विश्वास नाही, सगळं लेखी पाहिजे. आणि वीज चमकली, किंवा घर दोन तास मोकळं राहणार असलं, की मेन स्विच खाली. मेनबरोबर इन्व्हर्टरही, कारण "तो तरी खंयचो साधू?" असं त्यांचं म्हणणं.

यंदा पावसाळ्यानंतर बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरली ती कुजबुज. हातभर अंतरावर उभं राहिलं तर ऐकू येते, त्यापलीकडे नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे दुःख घरातल्या घरात राहिलं असतं. पण आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. पालखी निघण्याआधी सभामंडपात उभं राहून देवीला खणखणीत आवाजात सगळ्या गावाचं मागणं सांगायचं. पोरांबाळांना सांभाळ, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, दर्यावर असलेल्यांना सांभाळ, कुणाची चूकभूल झाली असेल तर पदरात घे. प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका तोंडाने म्हणतो, "व्हय म्हाराजा." गावाने होय भरलं नाही तर मागणं देवीपर्यंत पोचत नाही, अशी आमच्याकडची समजूत.

पस्तीस वर्षं बाबांनी गाऱ्हाणं घातलं आणि गावाने होय भरलं. आता त्यांच्यानंतर मी. आणि मी अडखळलो तर मान वरच्या घराकडे जाणार, म्हणजे बाबांच्या चुलत भावाकडे. हे काका ऑपरेशनपासून रोज सकाळी चौकशीला यायचे. इतकी काळजी त्यांनी स्वतःच्या दमेकरी सासऱ्याचीही केली नव्हती.

"आवाज काय म्हणता?" ते बाबांना विचारायचे. बाबा हात हलवायचे. मग माझ्याकडे वळून, "तुका जमात मां रे? नायतर आमी आसंव मरे."

काका गेले की बाबा बराच वेळ फाटकाकडे बघत बसायचे. मान जाईल याची त्यांना धास्ती होती आणि ती चेहऱ्यावर दिसायची. एकदा मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "पाठ करतंस मां?" मी म्हटलं, "तुमी काळजी करू नकात." हे खरं उत्तर नव्हतं. पाठांतर हा माझा प्रांत नाही. पाढेसुद्धा मी मोबाइलवर करतो. माझी योजना वेगळी होती. बाबांच्या गाऱ्हाण्याची रेकॉर्डिंगं सर्व्हरवर होतीच. डोक्याला पांढरी टोपी, टोपीखाली कानात बारीक बिनवायरचा इयरफोन, खिशात मोबाइल. घरच्या मशिनमधून बाबांचा आवाज माझ्या कानात येणार आणि मी एक वाक्य मागे राहून तो माझ्या तोंडाने म्हणणार. देवी काय ती समजून घेईल, आणि काकांना कळणार नाही.

जत्रेला पाच दिवस असताना मी विहिरीपाशी जाऊन रंगीत तालीम घ्यायला मोबाइल उघडला. पडद्यावर लाल त्रिकोण. तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. हे मशीन आपण जे आहोत म्हणून सांगतं ते आहे याची खात्री पटत नाही. कुणीतरी तुमची माहिती चोरायच्या प्रयत्नात असू शकतं.

आमच्या विहिरीपाशी त्या वेळी मी आणि एक म्हैस होतो.

सर्टिफिकेटची मुदत संपली होती. वास्तविक ते आपोआप नवं व्हायला हवं होतं, मी तशी व्यवस्था केली होती. 'धोका पत्करून पुढे जा' अशी एक पळवाट ब्राउझर एरवी देतो, पण घरच्या मशिनला कुणी तोतया होऊ नये म्हणून ती पळवाटही मीच बंद केली होती. सुरक्षेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. मी ओटीवर येऊन लॅपटॉप उघडला आणि चार दिवसांची रजा टाकली.

आईने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काय झाला रे?"

"मशिनीचा सर्टिफिकेट चलना नाय."

"मशिनीक सर्टिफिकेट कित्याक होया?"

मी समजावलं. हे मशीन आपलंच आहे हे मोबाइलला कसं कळणार? म्हणून बाहेरची एक मोठी संस्था दाखला देते, की होय, हे तेच. त्या संस्थेला तिच्याहून मोठी संस्था दाखला देते. सगळ्यात वर जी असते तिला सगळे मोबाइल मुळातच मानतात.

"आणि आपणच आपलो दाखलो दिलो तर?"

"तो कोण मानीत नाय."

"बरोबर आसा," आई म्हणाली. "तुझे काका काय वेगळा करतत?" मग तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "मगे नयो दाखलो आण."

"तोच येना नाय."

"मगे पेनड्राइव्हार घे. नायतर बाबांकडे बसान शीक. ते खंय गावाक गेलेत?"

मला राग आला. प्रश्न पेनड्राइव्हचा नव्हताच, तत्त्वाचा होता. बारा वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाने स्वतःच्या घरच्या सर्व्हरपुढे हात टेकायचे आणि रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून न्यायचं, म्हणजे सुताराने खुर्ची विकत आणण्यातला प्रकार. हे मी आईला बोललो नाही. बोललो असतो तर तिने त्यातही खडा काढला असता.

मग मी तपासाला लागलो. पहिल्या दिवशी राउटर उघडून पुन्हा जुळवला. दुसऱ्या दिवशी मशिनचं नाव जिथे नोंदवलं होतं तिथली नोंद तपासली, ती बरोबर होती, तरीही पुसून पुन्हा केली. नवा दाखला आणणारा प्रोग्राम काढून टाकला आणि तोच पुन्हा बसवला. दर वेळी उत्तर एकच: समोरच्या संस्थेचा दाखला अजून लागू झालेला नाही. म्हणजे जी संस्था जगाला दाखले वाटते तिचा स्वतःचा दाखला भविष्यातला! दुसऱ्या एका संस्थेकडे गेलो. तिचाही भविष्यातला. तिसरीचाही. ज्या अर्थी तीन मोठ्या संस्था एकाच वेळी चुकताहेत त्या अर्थी चूक आपली असेल, असं एखाद्या परगावच्या माणसाला वाटलं असतं. मला वाटलं, जग ढिसाळ झालंय.

तसं मी त्यातल्या एका संस्थेला इंग्रजीत खरमरीत कळवलंही. तिथून कुणीतरी नम्रपणे एका ओळीत विचारलं, आपल्या मशिनचं घड्याळ बरोबर आहे ना, हे कृपया पाहावं.

नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी मान वर करून मी पडद्यावरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं. मनगटावर बघितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. घरच्या सवयीने दहा वजा केली आणि मिनिटाला मिनिट जुळलं. लिहून टाकलं: घड्याळ अचूक आहे.

या चार दिवसांत बाबा समोरच्या आरामखुर्चीत बसलेले असायचे. एकदोनदा त्यांनी बोटाने जवळ ये अशी खूण केली. मी म्हटलं, "थांबा हां बाबा, जरासाच रवला." ते थांबायचे. मी लाल त्रिकोणाकडे बघत राहायचो.

जत्रा शुक्रवारी. गुरुवारी सकाळी काका नेहमीप्रमाणे आले. आज चौकशीबरोबर त्यांना मालवणची गाडी पकडायची होती, म्हणून ते सारखे पडद्याकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"आज बुधवार?"

"गुरवार," आई आतून म्हणाली.

"ह्या घड्याळार बुधवार लिवलो हा. मगे मी सकाळी पापलेट परत कित्याक धाडलंय?" गुरुवार म्हणून त्यांनी दारावरच्या कोळणीला रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं, आणि आता एका पडद्याने त्यांच्या मनात शंका घातली होती. वाराचा घोळ आमच्याकडे देवळात एक वेळ चालेल, माशांच्या बाबतीत चालत नाही. काका चष्मा लावून स्टुलाशी वाकले आणि दुसऱ्याच्या घरातली चूक शोधण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या नजरेने त्यांनी तारखेखालची बारीक अक्षरं वाचली. "अरे, ह्या तर गेला वर्स आसा! तुमी अजून गेल्याच वर्सात बसलासात?"

मी उठून बघितलं. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल गेल्या वर्षीचं.

चार दिवसांचं सगळं शहाणपण त्या बारीक अक्षरांत होतं. गेल्या वर्षात बसलेल्या मशिनला यंदाचे दाखले भविष्यातलेच दिसणार. त्याच्या दृष्टीने सगळं जगच अजून लागू झालेलं नव्हतं. मशिनच्या पोटात एक बटणाएवढी बॅटरी असते, ती आमच्याकडे कधीच मेली आहे. मेन स्विच खाली गेला की मशीन सगळं विसरून कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीला जाऊन बसतं. चालू झाल्यावर इंटरनेटला विचारून स्वतःला सुधारायची सोय त्यात होती.

"बाबा, तुमी ह्येका हात लावलास?"

बाबांनी शांतपणे मान डोलावली. मी जवळ गेलो. दिवाळीआधी विजा चमकत होत्या तेव्हा त्यांनी मेन बंद केला होता. चालू केल्यावर घड्याळ चुकलं, म्हणून हाताने लावलं. "आणि ता आपसूक लागणारा बंद केलंय," ते कुजबुजले. "धा मिनटां खाय होता."

"आणि वर्स? वर्स खयचा घातलास?"

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे गावच्या सोसायटीने छापलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. वर आमच्या ग्रामदेवतेचा मोठा रंगीत फोटो, खाली साल. यंदाचं कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे लटकवलं होतं, कारण ओटीवरची देवी उतरवायची कुणी आणि ठेवायची कुठे, हा प्रश्न गावातल्या कुठल्याच घरात सुटलेला नाही.

"ता जुना मां, बाबा!"

"देवी आसा ती," बाबा म्हणाले. "आणि कागदार होता ताच घातलंय."

काका इतके खूश झाले की त्यांची गाडी चुकली. मी साल बदललं, प्रोग्राम चालवला आणि अर्ध्या मिनिटात नवा दाखला आला. मोबाइल उघडला, त्रिकोण गेला होता. टोपी घालून मी विहिरीपर्यंत चालत गेलो, बाबांचा आवाज कानात घणघणत होता. जीव भांड्यात पडला. आईने विचारलं, "आता तरी पेनड्राइव्हार घेतलंस?" मी नुसता हसलो. जिंकलेला माणूस जसा हसतो तसा.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. सभामंडप भरलेला, मुंबईकर चाकरमानी पुढे, काका खांबाला टेकून. ढोल थांबले. मी देवीसमोर उभा राहिलो, बाबा माझ्या उजव्या हाताला. टोपी सारखी केल्यासारखं करून मी खिशातल्या मोबाइलचं बटण दाबलं. कानात काहीच येईना. पुन्हा दाबलं. मोबाइल काढून बघितला. लाल त्रिकोणसुद्धा नव्हता. मशीन सापडत नाही, एवढंच.

मी वळून बाबांकडे बघितलं. त्यांना वाटलं मी घराची काळजी करतोय. माझ्या कानाशी वाकून त्यांनी धीर दिला, "मेन बंद केलंय. इन्व्हर्टर पण."

आई बायकांच्या रांगेतून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पेनड्राइव्ह स्पष्ट दिसत होता. मी कानातला इयरफोन काढून खिशात टाकला आणि सुरुवात केली.

सुरुवात आली. लहानपणापासून या वाक्यांना होय भरत आलो होतो, पहिली पाचसहा आपोआप तोंडात आली. देवीला हाक झाली, शेजारच्या देवांना हाक झाली, गावाने होय भरलं. दर्यावरच्यांचं झालं. मग समोर एकदम कोरी भिंत. पुढे काय? घरांची नावं, की गुरांढोरांचं? खांबाशी काकांनी घसा साफ केला, स्वच्छ, खणखणीत. मला भयंकर लाज वाटली. चार दिवस बाबा समोर बसले होते आणि बोटाने बोलावत होते, मी त्यांना थांबा म्हणत होतो.

मग मी जे मनात होतं तेच बोललो. "गे माउली, ह्यो मान माझ्या बापाशीचो. त्येचो आवाज तू न्हेलंस. मी शिकूक होया होता, शिकलंय नाय. माझी चूक आसा, ती माझ्याच पदरात घाल, त्येका शिक्षा देव नको. त्येच्या जिवाक बरा ठेव, आणि ह्या गावाचा जा काय मागणा माझ्या तोंडात येना नाय, ता तू समजान घे."

असं गाऱ्हाणं आमच्या गावाने कधी ऐकलं नव्हतं. कुणीच होय भरेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले, हे चालतं की नाही हे कुणी ठरवायचं ते कुणाला कळेना. काका खांबापासून एक पाऊल पुढे आले.

तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी कुजबुज झाली.

"व्हय म्हाराजा."

पस्तीस वर्षं ज्या माणसाला गावाने होय भरलं, त्याने तेवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या गाऱ्हाण्याला होय भरलं नव्हतं. हातभरावर उभ्या पुजाऱ्याला ते ऐकू आलं. त्याने बाबांकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं. त्याच्या मागच्यांनी म्हटलं, मग सगळ्या मंडपाने. काका सगळ्यात शेवटी म्हणाले, पण म्हणाले. बाबांनी माझा दंड धरला होता. पुढची वाक्यं ते मला एकेक करून कानात सांगत गेले, मी बोलत गेलो.

घरी आल्यावर बाबांनी मेन वर केला. पडद्यावर जुन्या वर्षातली एक जानेवारी आली. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"तू लाव आता," ते म्हणाले. "आणि धा मिनटां फुडे."

मी स्वयंपाकघरात जाऊन दारामागचं साल वाचून आलो आणि घड्याळ लावलं, दहा मिनिटं पुढे. दहा मिनिटांनी दाखले बिघडत नाहीत.